गेरू लावलेली टरबुजं

आमच्या बेटावर पाहुण्याला पाणी देत नसत. नोकरीला लागल्यावर मी हे एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तर सगळ्या बायांनी असे चेहरे केले की जणू आम्ही पाहुण्यांना लुटूनच परत पाठवत होतो. पण त्यात अपमान नव्हता, मान होता. चारी बाजूंनी धरणाचं पाणी. जो माणूस एवढं पाणी ओलांडून, जीव मुठीत धरून आपल्या दारी आला, त्याच्यापुढे पुन्हा तांब्याभर पाणीच ठेवायचं म्हणजे त्याची चेष्टा करायची, असं आमची जुनी माणसं मानत. पाहुणा काठाला लागला की त्याच्या हातात बेटावर पिकलेलं काहीतरी पडलं पाहिजे. उन्हाळ्यात टरबूज, हिवाळ्यात वाळूक नाहीतर उकडलेले शिंगाडे. तहान त्यातूनच भागवायची. घरच्या माणसांनी मात्र माठातलं पाणी आपापल्या हाताने घ्यायचं, त्याला कोणी विचारत नसे.

बीड जिल्ह्यात बेट कुठून आलं, असं लोक हसून विचारतात. आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड एवढंच त्यांना आठवतं. आमचं बेट म्हणजे खरं तर एक टेकाड. धरण भरलं तेव्हा टेकाडाखालचं गाव उठलं आणि शेतवाल्यांना वरच्या माळावर नवं गाव मिळालं. आम्ही भोई. शेत नव्हतंच, त्यामुळे बुडालेल्यांत आमची गणती झाली नाही. पाणी हेच आमचं शेत, असं म्हणून आबा आणि त्यांचे भाऊबंद टेकाडावर झोपड्या घालून राहिले. मी जन्मले तेव्हा चहूकडे पाणीच होतं, त्यामुळे मला जग असंच असतं असं वाटे. शाळेला जायचं ते काहिलीतून. काहील म्हणजे गुळाच्या गुऱ्हाळावरची ती भली मोठी कढई. तिच्यात बसून हाताने वल्हवत आम्ही पोरी पलीकडे जायचो आणि वारं सुटलं की ती जागच्या जागी गरगर फिरायची. दप्तर डोक्यावर, परकर गुडघ्याशी आणि तोंडात पाढे. आजही मला सतराचा पाढा म्हणताना किंचित भोवळ येते.

घरात आबा, माय, मी आणि आबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, नाकावर माशी बसू न देणारी, आणि सगळ्या बेटाचं बी सांभाळणारी. हा मान तिला कोणी दिला नव्हता, तिने तो घेतला होता. धरणाचं पाणी हिवाळ्यात उतरायला लागलं की खाली काळाभोर गाळ उघडा पडे. त्या ओल्या गाळात पाण्याच्या मागे मागे जात आम्ही टरबुजं लावायचो. आज पाणी इथं आहे तर एक ओळ इथं, आठवड्याने ते खाली सरकलं की पुढची ओळ तिथं. वरून पाणी घालायचं नाही, खत नाही, काही नाही. आमचं बीच तसं होतं. त्याचं मूळ गाळातून सरळ खाली उतरत जाई, ओल पळाली की तिच्या मागे पळे. फळ फार मोठं नसे, साल फिकट हिरवी आणि आतला गर गुलाबी, पण बीडचे रशीदचाचा, जे दरसाल आमची टरबुजं घेऊन जायचे, ते मला म्हणत, “शेवंता बेटी, मेरे गाडे पे ये हाय तोपर्यंत लोगां दुसरा हातात घेत न्हाईत.”

वेलीवर दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याला धरलेलं फळ चांगलं दिसलं की आत्या त्यावर गेरूची एक रेघ ओढायची. रेघ ओढली की ते फळ बियाचं. पोरांनी त्याला हात लावायचा नाही, काठीही नाही. वेल पार वाळून जाईपर्यंत ते तिथेच पडून राहायचं आणि ते तोडायचं घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनेच. मग बी धुवायचं, राखेत चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीवर धुरात टांगायचं. आमच्या चुलीवर असे दोन तुंबे होते. एक यंदाचा आणि एक गेल्या सालचा. गेल्या सालच्या तुंब्याला हात लावायचा नाही, तो वाईट वर्षासाठी. त्या चुलीवर शिजलेल्या सगळ्याला थोडा धुराचा वास असे. सुकटीचं कालवण, ज्वारीची भाकरी, टरबुजाच्या सालीची भाजी. माझ्या सासरच्या गॅसवर मी तो वास पुष्कळदा आणायचा प्रयत्न केला, पण गॅसला धूरच नाही तर वास कुठला?

वैद्य सर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते पक्ष्यांसाठी. बीडच्या कॉलेजात ते शिकवायचे. हिवाळ्यात आमच्या उत्तरेच्या उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी उतरत. आमच्या लेखी ते नुसते गोंगाट करणारे पाहुणे, पण सर गुडघाभर चिखलात उभे राहून तासन्‌तास त्यांच्याकडे बघायचे. माणूस मनाने सरळ. आत्याने दिलेली वाळकं ते सालीसकट खात. तेव्हा गावोगाव पिवळ्या पाटीची टेलिफोनची बूथं निघत होती, माळावरच्या गावात एकाने छपरावर टीव्हीची थाळी बसवली होती, आणि शहरातल्या नोकरदारांच्या हातात नव्याने पैसा खेळायला लागला होता. सर म्हणाले, ही माणसं आता फिरायला बाहेर पडणार. ती कुठेतरी जाणारच, तर इथे येऊ देत, पण थोडीच, आणि आपल्या अटींवर.

त्यांनी सगळं अंगणात बसून समजावून सांगितलं होतं. हॉटेल बांधायचं नाही. यंत्राची होडी नको, पक्षी बुजतात. पाहुण्यांनी आमच्याच घरात जेवायचं, आमच्याच होडीतून फिरायचं आणि संध्याकाळी परत जायचं. आमच्या माणसांना ते पटलं, कारण आमच्यापुढे एक मोठी काळजी होती. बेटाचा काठ ढासळत होता. धरण भरलेलं असताना पूर्वेचा वारा सुटला की लाटा काठावर धडका देत आणि दरवर्षी माती खाली जाई. आमच्या गोठ्याची जागा मी लहान असतानाच पाण्यात गेली होती. रात्री अंथरुणात पडल्यावर तो धप्प, धप्प आवाज मी ऐकायची. काठाला दगड बसवून द्या म्हणून आबांनी किती चकरा मारल्या. पण कागदोपत्री तिथे कोणी राहतच नव्हतं, मग दगड कोणासाठी?

“पाहुणे येऊ लागले की इथे माणसं राहतात हे त्यांना दिसेल,” सर म्हणाले. “मोठे लोक बघून गेले की दगड येतील. बेट टिकवायचं असेल तर ते लोकांच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे.”

“आमी दिसाया काय भूत हाव का?” आत्या म्हणाली. सगळे हसले, सरही हसले. पण बोलणं ठरलं.

पहिला हिवाळा फार चांगला गेला. तेवढा आनंद त्या घरात मी आधी किंवा नंतर पाहिला नाही. दर रविवारी माणसं यायची. डोळ्याला दुर्बिणी, गळ्यात कॅमेरे, पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या. माय भाकरी थापून थापून थके आणि तरी हसे. एका बाईने तिला झिरक्याची कृती विचारली तर माय तिला सांगताच येईना, ती आपली “घाला की अंदाजानं सगळं” एवढंच म्हणत राहिली. पाहुणे येताना पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणत. आत्याने एक हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“ह्ये इकत घेतलं?”

“हो.”

“पानी?” आणि ती पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती बराच वेळ थांबेना.

सरांनी एक विनंती केली होती. उत्तरेचा गाळ पक्ष्यांसाठी मोकळा सोडायचा, तिथे लावण करायची नाही. लावण करायला आमचा सगळ्यांत चांगला गाळ तोच. आबांनी तो सोडला. मग टरबुजं पुरणार कशी? पाहुणे तर उन्हाळाभर येणार, आणि आल्यावर फळ मागणार, मागणार काय, आम्हीच ते हातात देणार. तेव्हा दक्षिणेच्या अरुंद पट्टीत दोनदा लावण करायची असं ठरलं. आधी एकदा, आणि उशिरा पुन्हा एकदा, म्हणजे फळ जास्त दिवस राहील. दुसऱ्या लावणीला बी कमी पडलं. आबांनी चुलीवरच्या दुसऱ्या तुंब्याकडे बघितलं.

“त्यो न्हाई,” आत्या म्हणाली.

“आक्का, यंदा कावून कंजूशी? चांगलं दिस आल्यात. चार जास्तीच्या फळास्नी गेरू लाव, दोन्ही तुंबं भरून घिऊ.”

मग आत्या स्वतःच उठली आणि तिने तुंबा खाली काढला. मी आज विचार करते तेव्हा मला कोणाचाच राग येत नाही, आणि तेच जास्त छळतं. चांगल्या दिवसात माणूस हात मोकळा सोडतो. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच सोडला होता.

उन्हं तापली तशी पक्षी गेले, पण पाहुणे येतच राहिले. रशीदचाचा येऊन दोन्ही लावणींचा तोडलेला माल घेऊन गेले. वेलींवर उरली ती फक्त गेरूची रेघ ओढलेली फळं, उन्हात पडलेली, वेली वाळायची वाट बघत. त्याच आठवड्यात सरांचा निरोप आला की मोठे साहेब सहकुटुंब येताहेत, दगडांचं काम त्यांच्याच हातात आहे. घरात सणाची धांदल उडाली. मायने अंगण सारवलं, आबांनी होडीला नवी फळी ठोकली. मला नवं परकर-पोलकं मिळालं, ते मला काखेत टोचत होतं.

साहेब बाई-माणसांशी अदबीने बोलणारे निघाले. काठावर फिरले, ढासळलेली माती बुटाने टोकरून पाहिली आणि म्हणाले, “इथे तर दगड हवेतच. मी बघतो.” आबांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी दुसरीकडे बघायला लागले. मग सगळे अंगणात बसले आणि आत्याच्या लक्षात आलं की पाहुण्यांच्या हातात द्यायला काहीच नाही. वाळकं संपलेली. टरबुजं गेलेली. तिने मायला हळूच विचारलं, मायने नकाराची मान हलवली. माझ्या आठवणीत आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं.

साहेबांच्या बाईंना दक्षिणेच्या पट्टीत फळं दिसली. “अय्या, ती लाल रेघेची काय खास असतात का?” त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात नुसतं कौतुक होतं.

सर बोलायला लागले, “ती बियाण्याची...”

“खासच हायेत,” आबा मध्येच म्हणाले. “तुमच्यासाठीच ठिवल्याली.”

मी आत्याकडे पाहिलं. ती उभी होती, हातात विळा होता. गेरूचं फळ तोडायचा मान तिचाच, त्यामुळे तिच्यावाचून हे होणारच नव्हतं. ती नाही म्हणू शकली असती. पण काठाला लागलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रीतही तीच आम्हाला शिकवत आली होती. ती पट्टीत उतरली, एक फळ तोडून आणलं आणि अंगणात फोडलं. बाईंनी एक फोड खाल्ली आणि डोळे मिटले. “असं टरबूज मी जन्मात खाल्लं नाही. एखादं नेऊ का घरी?”

“एक कावून?” आबा म्हणाले. “समदीच न्या की.”

आबांचा स्वभाव कंजूष नव्हता, पण उधळ्याही नव्हता. त्या घडीला त्यांना टरबुजं दिसतच नव्हती, काठाला बसलेले दगड दिसत होते. आत्याने एकेक फळ तोडलं. सरांनी तिला अडवायला हात पुढे केला आणि परत मागे घेतला. एकच फळ तिने सोडलं, अगदी पाण्याच्या कडेचं, कारण ते अजून कोवळं होतं. बाकीची होडीत भरली आणि मोटारीत गेली. अंगणात फोडलेल्या एका फळाचं बी पोरांनी लावलेल्या थुंकण्याच्या शर्यतीत पाण्यात गेलं. साहेबांची पोरं होती, हसत होती, आणि त्यांना कोण रागावणार?

सगळं बी गेलं असं तेव्हाही कोणाला वाटलं नाही. एक फळ होतं. एका फळातही पुष्कळ बी असतं. पण त्या वर्षी धरणातलं पाणी भलतंच झपाट्याने खाली गेलं, कुठल्या तरी शहराला सोडलं म्हणे, आणि वरून उन्हाने ओढलं. बेट आणि माळ यांच्यामध्ये चिखलाची वाट उघडी पडली, जी आम्ही जन्मात पाहिली नव्हती. त्या वाटेने कोल्हे आले. आमच्या बेटावर कोल्हा कधी नव्हता, म्हणून राखण करायची आम्हाला सवयच नव्हती. सकाळी फळाची नुसती साल पडलेली. आत्या दिवसभर त्या चिखलात बसून एकेक बी वेचत राहिली. संध्याकाळी मूठभर जमलं, तेही चेपलेलं, अर्धं कच्चं. तिने ते राखेत चोळलं आणि तुंब्यात टाकलं. तुंबा हलवला की तळाशी खुळखुळ वाजायचं, तो आवाज मला ऐकवत नसे.

सर स्वतः एसटीने साहेबांच्या घरी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्याला लावलेली पिशवी रिकामीच होती. बाईंनी त्यांना चहा दिला होता आणि शेजारीपाजारी सगळ्यांना फळं कशी आवडली ते सांगितलं होतं. साली-बिया केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या. सर हे आत्याला उभ्यानेच सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा चष्मा ओला झाला. आत्या म्हणाली, “बसा मास्तर. तुमी काय केलं? गोड लागलं ना तेस्नी, झालं तर.” रशीदचाचांनी तर नेकनूरच्या बाजारापर्यंत सगळीकडे विचारलं, नदीकाठच्या आमच्या जातभाईंकडे गेले. पण नदीकाठीही एव्हाना सगळे रंगीत पाकिटातलं बी लावू लागले होते. घरचं बी कोणाकडेच नव्हतं.

त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. धरण भरलं नाही. बेट राहिलं नाही, चिखलात उभं असलेलं एक टेकाड तेवढं राहिलं. हिवाळ्यात पक्षी आले नाहीत, पक्षी नाहीत म्हणून पाहुणे नाहीत. गाळ मात्र मैलभर उघडा पडला होता, जन्मात मिळाला नसता एवढा. आत्याने मूठभर बी पेरलं. आबांनी शेजारी पाकिटातलं लावलं. पाकिटातलं आधी उगवलं, तरारलं आणि वरून पाणी मागत मागत वाळून गेलं. आत्याचं थोडंच उगवलं. चार पानांवर आलं. मी शाळेतून येऊन रोज त्या रोपांपाशी जायची. गाळ इतक्या लवकर सुकून भेगाळला की मुळांना ओलीमागे पळायला वेळच मिळाला नाही. भेगा रुंदावल्या तशी मुळं मध्येच तुटून उघडी पडली. आत्या घागरीने पाणी घालायला लागली, तेव्हा मला कळलं की आता काही खरं नाही. आमच्या टरबुजाला घागरीने पाणी घालताना तिला कधी कोणी पाहिलं नव्हतं.

रोपं वाळली तशी आबा आणि माय उरलेल्या हंगामापुरते ऊसतोडीला गेले. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. ज्यांनी जन्मभर वल्हं धरलं त्यांचा असा एक कोयता झाला. मला सरांनी बीडच्या वसतिगृहात घातलं, म्हणून मी आज हे लिहायला बसू शकते. आत्या एकटी टेकाडावर राहिली. पुढच्या साली पाऊस आला तो एकदम, दडी मारून बसल्यासारखा. धरण काठोकाठ भरलं, पूर्वेचा वारा सुटला, आणि बिनदगडाचा तो काठ आमच्या चुलीसकट पाण्यात गेला. आत्याला पलीकडे काढताना तिने फक्त रिकामे तुंबे बरोबर घेतले. रशीदचाचांच्या घरामागच्या खोलीत ती तीन-चार वर्षं राहिली. शेवटी शेवटी ती कोणाशीही फारसं बोलत नसे. चाचांच्या घरच्यांनी तिला फार मायेने सांभाळलं, एवढं तरी समाधान म्हणायचं. दगडांचं काय झालं, हे विचारायलाही आबा पुन्हा कधी गेले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी तिथे गेले. आता टेकाडावर कोणीतरी रंगीत छत्र्या आणि लाकडी बाकं लावली आहेत, यंत्राची होडी धडधडत जाते. काठाला दगड बसवलेले आहेत, चांगले घट्ट, पिवळ्या रंगाने नंबर घातलेले. आमची चूल जिथे असावी तिथे मी थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहिले. पोरी फोटो काढत होत्या. इतक्यात गणवेश घातलेला एक गृहस्थ आला, “मॅडम, दमलात का?” म्हणाला, आणि मोठ्या अदबीने त्याने माझ्या हातात पाण्याची एक बाटली ठेवली.